डबा, यंत्र आणि हात



माल परत आला की दुकानदाराच्या मनात पहिला विचार येतो तो गिऱ्हाइकाने काय घोळ घातला असेल याचा. आणि आपणच गिऱ्हाईक असलो की पहिला विचार येतो तो माल खराब असल्याचा. माणूस एकच, बाजू तेवढी बदललेली. गतवर्षी वैशाखात हा अनुभव आम्हांस घरातच आला. निमित्त होते मोटारीच्या रंगास चकाकी आणणाऱ्या फिरत्या यंत्राचे. गॅरेजवाले त्यास रोटरी पॉलिशर किंवा नुसते बफिंग मशीन म्हणतात. आपल्या बहुतेक घरांतून आज एक तरी गाडी आहे आणि आपली काही तरुण मुले या व्यवसायात उतरूही लागली आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या विषयास वाहिले आहे.

ओवे हे खारघरला लागून असलेले, पनवेल तालुक्यातील जुने गाव. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली आणि आसपासच्या गावांचे रूप झपाट्याने पालटले. एका अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार, आणि मध्ये रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी. आमचा पत्र्याचा व्यापार मुंबईहून कळंबोलीस आला. माझ्या पुतण्याने मात्र लोखंड सोडून ओवे येथे एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि गाड्या धुण्याचे व पॉलिश करण्याचे काम मांडले. धूळ एवढी, की गिऱ्हाइकांस तोटा नव्हता.

वैशाखातील त्या दुपारी गावातीलच एका गृहस्थांची काळी गाडी त्याच्याकडे होती. पाच दिवसांवर त्यांच्या मुलाची हळद होती आणि नवरदेव त्याच गाडीतून जायचा होता. मी संध्याकाळी शेडवर पोहोचलो तेव्हा पुतण्या रडवेला झाला होता. कंपाउंड गाडीवर पसरताच पिठासारखे वाळत होते, पांढरी भुकटी काचेच्या रबरांत आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत जाऊन बसली होती, बॉनेटवर काही ठिकाणी चिकट थर कापडाने निघत नव्हता, आणि दिव्याखाली पाहिले तर साऱ्या पृष्ठभागावर यंत्राच्या फेऱ्यांच्या वलयाकार खुणा उमटल्या होत्या.

“काका, डबाच खराब आहे,” तो म्हणाला. “मी पुरवठादाराला फोन करून सांगितले, माल परत घ्या आणि नुकसानही भरून द्या.”

“तो काय म्हणाला?”

“उलट मलाच विचारतो, वेग किती ठेवला होता, पॅड कोणता होता, वेळ कोणती होती!”

यंत्राविषयी त्या वेळी मला काही कळत नव्हते. परंतु चाळीस वर्षे पत्रा विकला आहे. गंजलेला पत्रा परत आला की आम्ही भांडण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या गोदामात जाऊन पाहत असू, की तो कशावर आणि कशाखाली ठेवला होता. म्हणून मी इतकेच म्हणालो, “त्याने विचारले ते बरोबर विचारले. उद्या सकाळी सात वाजता, ऊन येण्यापूर्वी, हाच डबा घेऊन पुन्हा एकदा करून पाहू. तरीही बिघडले तर मी स्वतः तुझ्या बाजूने त्याच्याशी बोलेन.”

त्या सकाळी काय झाले ते पुढे सांगतो. त्याआधी त्यानंतरच्या काही महिन्यांत शेडमध्ये बसून आणि निर्मात्यांची माहितीपत्रके वाचून जे समजले ते मांडतो, कारण त्यावाचून त्या सकाळचा अर्थ लागणार नाही.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्यास क्लिअर कोट म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सारे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांतील पारदर्शक थर सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका कागदाहूनही पातळ. चकाकी त्याचीच आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण करणाराही तोच.

आता पॉलिश म्हणजे काय? ओरखडा भरला जातो असे पुष्कळांस वाटते. प्रत्यक्षात ओरखड्याच्या आसपासचा पारदर्शक थर किंचित झिजवून पृष्ठभाग सपाट केला जातो, म्हणजे ओरखडा दिसेनासा होतो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक पॉलिश हा मुद्दलातून केलेला खर्च आहे. या मुद्दलावर व्याज मिळत नाही आणि खर्चलेला थर पुन्हा वाढत नाही. म्हणून दर दिवाळीस गाडीला बफिंग करून घेण्याची हौस शहाणपणाची नव्हे.

झिजवण्याचे काम करते ते कंपाउंडमधील बारीक भुकटी. ती बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. आपल्यांतील जवाहिऱ्यांना हा पदार्थ परका नाही: माणिक आणि नीलम ही त्याच पदार्थाची स्फटिकरूपे. संस्कृतात ज्यास कुरुविंद म्हणत, त्याच भारतीय शब्दकुळातून कोरंडम हे नाव जगभर गेले. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १० आणि हा ९. त्यापुढे गाडीच्या रंगाचे काय चालणार? भुकटीसोबत तेल, पाणी आणि इतर द्रव्ये असतात; ती वंगणाचे काम करतात. वंगण टिकून आहे तोवर भुकटी रंगास सफाईने घासते. ते सुकले की तीच भुकटी कोरडी फिरते, उडते आणि ओरखडते. ‘डबा खराब आहे’ या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

वंगण सुकवते कोण? उष्णता. रोटरी यंत्राचा पॅड एकाच आसाभोवती फिरतो. दीडशे मिलिमीटर व्यासाचा पॅड मिनिटास १,५०० फेरे घेत असेल तर त्याची कडा ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने रंगावरून धावत असते. फेरे ३,००० केले तर ८५. मधला बिंदू मात्र जवळजवळ स्थिर. म्हणून पॅड तिरका धरला की सारी उष्णता एका अरुंद पट्ट्यात साठते. दुसऱ्या प्रकारचे यंत्र, ज्यास ड्युअल ॲक्शन म्हणतात, ते फिरता फिरता डुलते, जास्त दाबले की बरेचदा फिरायचे थांबते, आणि म्हणून नवशिक्यास क्षमा करते. रोटरी क्षमा करीत नाही. मात्र जाणत्या हातात ते खोल ओरखड्याचे काम लवकर उरकते.

आता तक्रारी एकेक करून पाहू.

भुकटी उडते, याची कारणे साधारणतः चार: यंत्राचा वेग अधिक, पत्रा उन्हाने तापलेला, पॅड कोरडा, किंवा द्रव्य सुकून गेल्यानंतरही फिरवीत राहणे. पत्र्यावर उघडा तळहात सुखाने टेकवता येत नसेल तर काम सुरूच करू नये. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी काळ्या गाडीवर हे काम करणे म्हणजे तव्यावर पाणी टिकवण्याचा प्रयत्न होय.

चिकट थर बसतो, याचे मुख्य कारण द्रव्य गरजेहून अधिक घेणे. आपल्याकडे ‘जास्त घातले की जास्त चमकेल’ अशी समजूत आहे. जास्त द्रव्य पॅडच्या छिद्रांत साठते, मग पॅड घासत नाही, नुसता घसरतो आणि तापतो. पावसाळी दमट हवेत काही द्रव्ये हळू सुकतात. तेव्हाही असा थर उरतो. नुकताच दिलेला रंग पुरता वाळलेला नसेल तरी हीच अडचण येते.

शिंतोडे उडतात, ते यंत्र हवेत चालू करून मग गाडीस टेकवल्यामुळे. पॅड प्रथम गाडीवर टेकवावा, बंद यंत्रानेच द्रव्य थोडे पसरून घ्यावे, आणि मग सर्वांत कमी वेगावर, सुमारे ६०० फेऱ्यांवर, सुरुवात करावी.

वलयाकार खुणा उमटतात, त्यास दोन कारणे. जाड कंपाउंड आणि लोकरी पॅडने काम करून तेथेच थांबणे हे एक. त्यानंतर मऊ फोमच्या पॅडने, बारीक पॉलिश घेऊन, हलक्या हाताने दुसरा हात द्यावाच लागतो. दुसरे कारण मळलेला पॅड. झिजलेला रंग आणि वाळलेली भुकटी त्यात साठली की तो पॅड न राहता घासकागद होतो. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने किंवा हवेच्या झोताने साफ करावा, आणि एका पॅडवर दोन वेगवेगळी द्रव्ये कधीही घेऊ नयेत. ज्या शेडमध्ये रंग फवारण्याचेही काम चालते तेथे सिलिकोनयुक्त पॉलिश वापरू नये. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि तेथेही दोष रंगाच्या डब्यास दिला जातो.

पाचवी तक्रार गिऱ्हाइकाची: “चार दिवस चमकली, एकदा धुतली आणि ओरखडे परत आले.” ओरखडे परत येत नाहीत, ते गेलेलेच नसतात. पॉलिशमधील तेले त्यांत भरून राहतात आणि धुताना निघून जातात. म्हणून एक भाग झाला की पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसून, तेल काढून, दिव्याखाली पाहावे. हिशेब मांडताना उधारी जमेत धरीत नाहीत, तसेच हे.

आता त्या सकाळी काय झाले ते. सूर्य डोंगराआडून वर येण्यापूर्वी आम्ही शेड उघडली. पुरवठादारास फोन लावून पुतण्याने या वेळी नीट विचारले, आणि त्याने जसे सांगितले तसे केले. डबा चांगला हलवला, कारण ठेवलेल्या डब्यात भुकटी तळाशी बसते. नवा, स्वच्छ फोमचा पॅड घेतला. त्याच्या पृष्ठभागास प्रथम थोडे द्रव्य बोटाने चोळून घेतले आणि वर हरभऱ्याएवढे चार थेंब. बॉनेटच्या कडांवर आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. दीड फूट लांब-रुंद एवढाच चौकोन धरला. सुरुवात ६०० फेऱ्यांवर, नंतर १,२०० च्या आसपास. यंत्र त्याच्या वजनानेच टेकलेले, वर दाब नाही. पॅड सपाट, हात सावकाश, आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढलेली. द्रव्याचा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक झाला तेथे यंत्र थांबवले आणि सुकण्यापूर्वीच मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसले.

भुकटी उडाली नाही. चिकट काही राहिले नाही. दिव्याखाली काळा रंग विहिरीच्या पाण्यासारखा दिसत होता. डबा तोच होता.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग त्याने मला बॉनेटच्या पुढच्या कडेपाशी नेले. तेथे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत रंग निस्तेज, पांढुरका दिसत होता. आदल्या दुपारी, पट्टी न लावता, वाढवलेल्या वेगाने तो कडेवरून गेला होता. कडांवर थर पातळ असतो आणि पॅडचा सारा दाब एका रेषेवर येतो. पारदर्शक थर तेथे संपला होता. असे झाले की कोणतेही द्रव्य ते भरून काढीत नाही. पुन्हा रंग देणे हाच उपाय.

“काका, वरून वॅक्स लावले तर हळदीपर्यंत दिसणार नाही,” तो खाली पाहत म्हणाला. “आणि नंतर कोण विचारतो?”

मी म्हणालो, “तू विचारशील. त्यांची गाडी रस्त्यात दिसली की दर वेळी तुझे डोळे त्याच कडेवर जातील.”

त्याने त्या गृहस्थांना बोलावले आणि बोट ठेवून ती जागा दाखवली. चूक माझी, डब्याची नव्हे, हेही सांगितले. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शेठ, मला हे दिसलेच नसते.” पुढे काही बोलले नाहीत. उरलेली गाडी दोन सकाळींत, सावकाश, नीट झाली. लग्न आटोपल्यावर बॉनेटचा रंग पुतण्याने स्वतःच्या खर्चाने करून दिला. त्या महिन्याचा नफा त्यात गेला. पुरवठादारास फोन करून त्याने आदल्या दिवशीचे शब्द मागे घेतले. तो फोन त्यास बॉनेटपेक्षाही महाग वाटला असावा.

आपल्या घरांतून या व्यवसायाविषयी हमखास विचारला जाणारा एक प्रश्न येथेच घेतो: या सामानात प्राणिजन्य काय असते? विचारण्याजोगाच प्रश्न आहे. लोकरी पॅडचे काही प्रकार मेंढीच्या कातड्यासह केलेले असतात, काही केवळ कातरलेल्या लोकरीचे विणलेले, तर काही पूर्णपणे कृत्रिम धाग्यांचे. गाडी पुसण्याचे शॅमॉय हे मुळात चामडेच. काही वॅक्समध्ये मधमाश्यांचे मेण असते. कार्नोबा वॅक्स मात्र ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. फोम आणि मायक्रोफायबरचे पॅड, मायक्रोफायबरची कापडे व वनस्पतिजन्य किंवा कृत्रिम लेप एवढ्यांवर सर्व काम उत्तम होते. वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर विक्रेत्यास लेखी विचारावे.

आणखी थोडे, जे गाडीवाल्यांनीही ध्यानात ठेवावे. पॉलिशपूर्वी गाडी नीट धुतली पाहिजे. धुळीवर पॅड फिरवणे म्हणजे वाळूने घासणे. जेथे लोखंड कापले-घासले जाते त्या परिसरात, आणि ब्रेकच्या झिजेतूनही, लोखंडाचे सूक्ष्म कण रंगात रुततात. ते आधी विशिष्ट द्रावणाने व क्ले नावाच्या मातीसारख्या वडीने काढून घ्यावेत. थराची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते; त्याने एकूण जाडी कळते, पारदर्शक थर किती उरला ते वेगळे कळत नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी हात राखूनच चालवावा. बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यावर उष्णता साठून राहते. तेथे वेग आणखी कमी ठेवावा. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर पॅडला रंग लागला तर घाबरू नये, कारण तेथे पारदर्शक थर नसतोच. आपले रंगारी आजही ज्यास ड्युको म्हणतात तो १९२० च्या दशकातील रंग घासूनच चकाकत असे. काम करणाऱ्याने चष्मा आणि मुखपट्टी लावावी, सैल बाह्या व गळ्यातील साखळी टाळावी, यंत्राची वायर खांद्यावरून मागे टाकावी, आणि ओल्या शेडमध्ये गळतीरोधक स्विचशिवाय यंत्र जोडू नये.

डबा कधीच खराब नसतो असे मात्र मी म्हणणार नाही. उन्हात तापलेला, मुदत उलटलेला, हलवूनही एकजीव न होणारा माल असतो आणि तो परत करण्याचा आपला हक्क आहे. पण तो हक्क बजावण्यापूर्वी गार पत्रा, स्वच्छ पॅड, चार थेंब, कमी वेग आणि एक छोटा चौकोन एवढी परीक्षा आधी आपली घ्यावी. त्यातही बिघडले तर पुरवठादाराशी बोलताना आपल्याजवळ राग नव्हे, पुरावा असतो.

पुतण्याच्या शेडमध्ये आता भिंतीवर एक वही टांगलेली आहे. प्रत्येक गाडीपुढे वेळ, वेग, पॅड आणि द्रव्य यांची नोंद असते. पहिल्या पानावर त्या काळ्या गाडीची नोंद आहे आणि शेवटच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिले आहे: ‘दोष – माझा.’ ते गृहस्थ दर दोन महिन्यांनी गाडी धुवायला येतात. गेल्या दिवाळीस त्यांनी गावातल्या आणखी दोघांना सोबत आणले होते.